सायकससाठी स्थळ

वनस्पतिशास्त्राचा मास्तर म्हणून मी उभी हयात फळ्यावर सायकसची लग्नं लावली. प्रत्यक्षात एकही बघितलं नव्हतं. आईनं दारात लावलेल्या सायकसच्या शेंड्याला पहिल्यांदा लव आलेली, कोबीसारखी गड्डी धरली, तेव्हा तिनं विचारलं, "फळ कवा धरायचं?" मी लगेच तास सुरू केला. फळ नाही आई, नुसती उघडी बी. हे झाड मादी, नर वेगळा. त्याचे पराग आले, तर पुंबीज पोहत बीजांडापर्यंत जाणार. शेवाळ-नेच्यांपासून चालत आलेली ती सवय.

"मग नवरा बघ की," आई म्हणाली. "एक रोप माझ्या म्हायेरी लावायचं हाय, गडमुडशिंगीला. मी हाय तंवर."

आई ऐंशीच्या पुढची. शेवटचं ऐकलं आणि मी स्थळ शोधायला निघालो.

हुपरीत एका चांदी कारागिराच्या दारात नर सापडला, डोक्यावर भलंमोठं कणीस घेऊन. मालक म्हणाला, "न्या की पावणं, पायजे तेवढं. वासानं जीव नको झालाय." कागदाच्या पुडीत पिवळीधमक भुकटी घेऊन मी परतलो.

लगेच झाडावर टाकली असती तर मी मास्तर कसला? योग्य वेळ, योग्य हवा, मऊ कुंचला... पुस्तकं काढून बसलो. पुडी कोरडी राहावी म्हणून देव्हाऱ्यात ठेवली. पिवळी पूड देव्हाऱ्यात ठेवून तिला कुणी पराग समजेल, अशी आशा अख्ख्या कोल्हापुरात मीच केली असेल.

सकाळी कुंचला घेऊन आलो, तर घरातली सगळी कपाळं पिवळी. स्कूटरलाही बोटं लागलेली. उरलेली ओंजळ आई सायकसवर उधळत होती, "बिरदेवाच्या नावानं चांगभलं!" मी हुपरीला गेलो म्हणजे शेजारच्या पट्टणकोडोलीच्या बिरदेवाचा भंडारा, देवाची हळद, घेऊन आलो, असं तिनं धरलं होतं.

मी थयथयाट केला. "आई, ते पराग होते! असं उधळून कुठं बी धरते?" ती पदरानं कपाळ पुसून आत गेली. वारासुद्धा परागकण असेच उधळतो, हे मी दरवर्षी शिकवत होतो. त्या सकाळी नेमकं आठवलं नाही.

काही महिन्यांनी बिया शेंदरी झाल्या. "परागाशिवायही फुगतात, आतून पोकळ असतात," मी आधीच बजावून ठेवलं. सोलून बादलीभर पाण्यात टाकल्या. थोड्या तरंगल्या, बाकीच्या सरळ तळाला गेल्या.

आई बादलीवर वाकली. "बुडाल्या. वाया गेल्या व्हय?"

"न्हाय आई. बुडाल्या त्याच भरल्यात." मी तळातली एक काढून तिच्या हातावर ठेवली.

गडमुडशिंगीसाठी एक बी तिनं स्वतःच्या हातानं कुंडीत दाबली. "हिच्या झाडाला बी धरायला किती वर्सं?"

"पंधरा-वीस तरी."

तिनं हाताची माती झटकली. मग माझ्याकडं वळली.

"तंवर तब्येतीला जप. भंडारा कोन आननार?"