पदम राईच्या चांगुलपणाचा पंचनामा

पदम राईला आमच्या वाडीत कुणी पदम म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. गुरख्याला बहादूर म्हणतात, तसं भादुर म्हणायचे. यवतच्या पुढं हायवेला लागून आमची वाडी. तिथल्या ढाब्यावर तो वीस-पंचवीस वर्षं भट्टीपुढं उभा होता.

तो कालिंपोंगचा. म्हणजे दार्जिलिंगच्या अंगाला, पश्चिम बंगालात, भारतात. हे मी एका दमात लिहून टाकतो, कारण त्याला ते कुणी एका दमात सांगू दिलं नाही. १९८३ साली तो दौंड स्टेशनात उतरला आणि ढाब्यावर कामाला लागला. सुरुवातीला विचारलं की बंगालचा म्हणून सांगायचा. पुढं पेपरांत बांगलादेशींना हाकला असं यायला लागलं, तेव्हा पारावर एकानं विचारलं, "बंगालचा म्हंजी बांगलादेशी का रं तू?" त्या दिवसापासून पदमनं बंगाल सोडून दिला. नेपाळ्याला कुणी हाकलत नाही, एवढं त्याला कळत होतं. कुणी नेपाळी म्हटलं की नुसता हसायचा.

ढाब्याचा मालक साहेबराव. त्यानं अठ्ठ्याण्णव साली 'चायनीज' अशी पाटी लावली आणि पदमला आतल्या भट्टीवरनं काढून रस्त्याकडच्या हातगाडीवर उभं केलं. "तू नुसतं तोंड दाखव, गाड्या थांबत्यात," म्हणाला. थांबायच्या. नूडल्स करायला पदम पुण्यातल्या एका मद्रासी आचाऱ्याकडनं शिकला होता. कुणी चीनची चौकशी केली तर म्हणायचा, "व्हय, कालच आलोय तिकडनं."

त्याची बायको म्हाळसा आमच्याच वाडीची, गेणबाची लेक. गेणबा धनगर, कॅनॉलला पाणी आलं तेव्हा त्यानं मेंढरं विकून ऊस लावला. लेक भादुरला दिली म्हणून भावकी भांडायला आली, तर गेणबा म्हणाला, "मेंढरामागं डोंगरात आपली हाडं झिजली. ह्यो बी डोंगरातलाच हाय. आन् दारू पीत न्हाई. तुमच्यात दाखवा असा एक." भावकी उठून गेली.

त्यांची सोनम २००६ साली बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. मार्क होते, यादीत नावही लागलं. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला तेवढा राहिला होता, आणि तो द्यायला महिना होता. मी चळवळीतला माणूस, दाखल्यांची असली कामं वाडीत माझ्याकडं यायची. मी म्हटलं, आठ दिवसांत आणतो.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज बघितला, मग सोनमचं तोंड बघितलं, मग आडनाव. म्हणाला, "वडलांचा पुरावा?" रेशनकार्ड दिलं. "हे चालायचं न्हाई. तलाठ्याकडनं पंचनामा आणा."

तलाठी वाडीत आला. पाच पंच बसले, मध्ये सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब. मला त्या दिवशी शिरूरला मोर्चा होता. गाडीला किक मारता मारता मी ओरडलो, "बापूसाहेब, पोरीचं काम हाय. भादुरबद्दल चांगलं लिव्हा."

त्यांनी चांगलं लिहिलं. "सदर इसम मूळ नेपाळ देशाचा असून गेली तेवीस वर्षे आमच्या गावी राहतो. अत्यंत इमानदार आहे. त्याचेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." खाली पाच सह्या. मी तो कागद न वाचता कचेरीत दिला. आणि लोकांना मीच सांगत आलोय, वाचल्याशिवाय कागद सोडू नका.

अर्ज परत आला. शेरा होता, वडील परकीय नागरिक.

मी कारकुनाच्या टेबलावर हात आपटला. "आई गेणबाची लेक हाय. ती कुठली, चीनची?"

"रकाना बापाचा हाय."

मी खिशातनं शंभराची नोट काढली, उलटी करून त्याच्यापुढं धरली. "मागं भाषांची यादी हाय. ही ओळ नेपाळी. दुसऱ्या देशाची भाषा सरकार आपल्या नोटेवर छापतंय का?"

त्यानं नोट निरखून बघितली, खरोखर बघितली. "म्हंजी अर्जाला नोट जोडायची का?" म्हणाला. मागच्या बाकावरची माणसं हसली. माझ्या शेजारी उभा पदमही हसला.

पदमनं भावाला तार केली. भावानं पदमचा शाळेचा दाखला आणि बापाचं मतदारयादीतलं नाव रजिस्टरनं पाठवलं. त्याला एकोणीस दिवस लागले. कागद बघून कारकून म्हणाला, "हे ठीक हाय. पण पंच नेपाळ म्हणत्यात. पंचांचं दुरुस्त करून आणा."

बापूसाहेब ओट्यावर दाढी करत बसले होते. मी म्हटलं, "एवढं एक वाक्य बदलायचं हाय."

"का? वंगाळ लिव्हलंय का काय आमी?"

"नेपाळ लिव्हलंय."

"मग? नेपाळी माणूस इमानदार असतो, सगळी दुनिया जाणती. म्हणून तर ठोकून लिव्हलं. आता नेपाळी न्हाई म्हणायचं, तर इमानदार कशावरनं म्हणायचं आमी?"

मी तोंडाला येईल ते बोललो. ते लिहीत नाही. बापूसाहेबांनी वस्तरा खाली ठेवला. "सही केली ती केली. आज एक आन् उद्या एक लिव्हायला आमी काय पुढारी हाय का तुमच्यावानी?"

पदम माझ्या मागं उभा होता. तो पुढं झाला आणि म्हणाला, "बापूसाहेब, तुमचं खरं हाय. चूक माझी. मी कवा सांगितलंच न्हाई." मला त्याचाही राग आला. पण त्या वाक्यानं बापूसाहेब मऊ झाले. दोन दिवसांनी नवा कागद झाला. पाचातले एक पोपटराव लेकीकडं इनामगावला गेले होते. त्यांची सही व्हायला आणखी पाच दिवस गेले.

दाखला मिळाला. वय अठरा, राष्ट्रीयत्व भारतीय, शिक्का ठळक. प्रवेशाची मुदत सरून तीन दिवस झाले होते. नर्सिंगच्या शाळेत गेलो, तर तिची जागा पुढच्या नावाला गेली होती. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी या. सोनमनं ऐकून घेतलं. पदमनं मॅडमना नमस्कार केला. एसटीत आम्ही तिघं एका सीटवर बसलो. यवतला उतरल्यावर पदम तसाच हातगाडीवर गेला, कोबी चिरायचा राहिला होता.

पुढच्या वर्षी सोनमनं अर्ज केला नाही. तळेगाव ढमढेऱ्याला मावशीकडं राहून ती रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली. मी तिकडं कामगारांच्या कामाला गेलो, तेव्हा सुट्टीच्या वेळी गेटवर भेटली. पहिल्या दिवशी काय झालं ते तिनं आपणहून सांगितलं. गेटवरच्या माणसानं तोंड बघून विचारलं, "नेपाल से?" ती म्हणाली, "हां."

माझं डोकं फिरलं. "का गं? हो कशाला म्हणालीस? दाखला होता ना तुझ्याकडं?"

"पिशवीत होता," ती म्हणाली. "मागं लाईन होती, मामा."

मग तिची जीप आली.