महानंदाचा डावा हात

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता महानंदाला अर्धशिशी लागली ती लागलीच. आधी डोळ्यांपुढं करवतीच्या दात्यांसारखा उजेड नाचायचा, मग डाव्या हाताला मुंग्या यायच्या, आणि मग अर्धं डोकं असं ठणकायचं की बाई कपाळाला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. तिचा नवरा गुरुलिंग तेवढा वेळ बैलांच्या गळ्यातली घुंगरंही सोडून ठेवायचा. याहून जास्त काही करायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही. डोकं दुखलं म्हणून कुणी डॉक्टरकडं जातं होय? संध्याकाळी उठून ती भाकरी थापायला बसली, की झालं. असं करत करत दुखणं घरातलंच एक माणूस होऊन गेलं.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी दोघं पूजेला बसले होते. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे महानंदानं गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलं होतं. ते हातावरून घरंगळलं आणि भुईवर गेलं.

"अगं, लिंग पडलं," गुरुलिंग म्हणाला.

"उजेड दिसायलाय," ती जड जिभेनं म्हणाली. "हात न्हाई..."

तिचं तोंड किंचित वाकडं झालेलं त्यानं पाहिलं. पण त्याच्या काळजात धस्स झालं ते लिंगापायी. जिवापाड जपायची वस्तू, आणि ती भुईवर पडलेली. हात काय, तिचा नेहमीच बधिर व्हायचा. त्यानं तिला अंधाऱ्या खोलीत निजवलं, दार लोटलं आणि प्रायश्चित्त विचारायला शेजारच्या गावी जंगमाकडं, वीरभद्रस्वामींकडं निघाला.

स्वामी आले तेव्हा दुपार टळली होती. त्यांनी लिंगाकडं पाहिलंच नाही. महानंदाचा हात उचलून सोडला, तो धप्पकन खाली पडला.

"लिंगाचं मी बघतो," ते म्हणाले. "हिला आधी दवाखान्यात ने, गुरुलिंगा. सकाळपासून काय करत होतास?"

रेणापूरपर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी.नं लातूर. डॉक्टरांनी सगळं खोदून खोदून विचारलं.

"पक्षाघात आहे. मेंदूचं रक्त अडलंय," ते म्हणाले. "असा उजेड दिसून, हात बधिर होऊन येणारी अर्धशिशी असली की हा धोका वाढतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर नेहमीचंच आहे म्हणून थांबायचं नसतं."

"सकाळीच आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुलिंगला वाटलं. सांगता येत नाही, एवढं उराशी धरून उरलेला जन्म कसा काढायचा?

महानंदा घरी आली. बोलणं सुधारलं, हात काही सुधारला नाही; चिमटा काढला तरी तिला कळायचं नाही. एका सकाळी त्यानं तिला भिंतीला टेकवून बसवलं, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि खालून आपल्या हाताचा आधार दिला. तिनं आधी त्या हाताकडं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"अवो, माझं लिंग दुसऱ्या बाईच्या हातावर कामून ठेवलं?"

"तुझाच हात हाय की गं."

"न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "माझा असता तर मला कळला नसता व्हय?"