भिंतीवरचं झाड

आमच्या दारातला कडुलिंब तोडला तेव्हा मी बावड्याला माहेरी गेले होते. परतताना रिक्षावाल्याला घर दाखवताना माझीच गफलत झाली. खुणेचे झाडच नव्हते.

गाव बारामती-इंदापूर रस्त्यालगतचे. नाव लिहीत नाही, कारण माझे भांडण नगरपरिषदेशी नव्हते. उलट तिचे काम बरे चालले होते. विजेवरच्या घंटागाड्या आल्या, पाण्याच्या पंपांना सौरऊर्जा मिळाली, उसाचे पाचट पेटवू नका म्हणून भोंगा फिरू लागला. सगळ्यात हिरव्या प्रभागाला बक्षीस होते. मी प्रभागाच्या महिला समितीत. ओला-सुका कचरा आणि कार्यक्रमांची व्यवस्था माझ्याकडे. भांडण होते हरित समितीच्या अध्यक्षांशी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

समितीने आमच्या कुंपणाच्या भिंतीवर मोठे झाड रंगवले होते, खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. ते रस्त्यावरून दिसेना, कारण मध्ये खरे झाड होते. बक्षिसासाठी तपासणी पथक येणार होते. अण्णांनी खरे झाड काढले.

“काढलं न्हाय वहिनी, छाटणी केली,” ते म्हणाले.

“छाटणीत नुसता बुंधा उरतो?”

“पोरांनी जरा खालून छाटलं. पण चित्र कसं झकास दिसतंय बघा की!”

जुने पळसदेव गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तिथून आणलेले ते रोप होते. मामंजींचा दिवस त्याच्याखाली बाजेवर जायचा. आता ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत आणि विचारत, “ऊन उतरलं का गं?”

मी आवाज चढवला नाही. कामाला लागले.

हरित समितीच्या बैठकीत मी तपासणीच्या कार्यक्रमाचे मुद्दे वाचले. मंडप नको, कापड प्लास्टिकचे असते. पंखे नकोत, जनरेटरचा धूर होतो. प्लास्टिकच्या खुर्च्याही नकोत, शाळेतल्या लोखंडी आणू.

“व्हय व्हय! आपल्या प्रभागात समदं नैसर्गिक!” अण्णांनी टेबलावर थाप मारली.

त्या खुर्च्या मी तपासणीच्या दिवशी सकाळीच भिंतीसमोर मांडून घेतल्या, चांगल्या तापू दिल्या. पथक भर दुपारी आले. अण्णांसाठी बुंध्यावर सतरंजी टाकली होती. “तुम्ही इथं बसा, चित्राशेजारी. फोटोत याल.” ते लगेच बसले.

पथकाच्या प्रमुख बाई खुर्चीवर टेकल्या आणि तशाच उठल्या. ओढणी डोक्यावर घेत म्हणाल्या, “अहो, इथं कुठं सावली नाही का?”

मामंजींना मी ओसरीवर आणून बसवले होते. पढवले मात्र नव्हते.

“हाय की, बाई,” ते म्हणाले. “एक भिंतीवर रंगवलीया. आन् खरी व्हती, तिच्यावर आमचं अण्णा बसल्यात.”

मागे बायका फिदीफिदी हसल्या. बाई अण्णांजवळ आल्या. “उठा बरं जरा.” सतरंजी त्यांनीच उचलली. बुंधा अजून ओलसर होता.

“हे काय?”

“छाटणी, मॅडम,” अण्णा म्हणाले. घाम त्यांच्या हनुवटीवरून ठिबकत होता. मी पाणी द्यायला मुद्दाम उशीर केला.

बक्षीस शेजारच्या प्रभागाला गेले. बाईंनी अण्णांना बुंध्याशेजारी कडुलिंबाचे रोप स्वतः लावायला सांगितले आणि पुढच्या तपासणीला आधी तेच पाहीन म्हणाल्या.

रोप माझ्या गुडघ्याएवढे आहे. त्याची सावली मामंजींच्या बाजेपर्यंत येईल तेव्हा मामंजी नसतील. हे मला कळते, म्हणून माझा राग अजून जागेवर आहे. मामंजी डोक्याला ओला पंचा गुंडाळून ओसरीवर बसतात आणि अण्णा दिसले की हाक मारतात, “अण्णा, आली का सावली?”

अण्णा खाली मान घालून पाणी घालतात. नळ मागच्या अंगणात आहे, बादली जड आहे. रोपापर्यंत पोहोचेल असा पाईप आमच्याकडे होता. तो मी गुंडाळून माळ्यावर टाकला आहे.