लिफ्टमधली अर्धी वाक्यं

"थांबा, वाक्य येऊन राहिलं!"

असं म्हणून ते एक बोट वर करायचे. दुसऱ्या हाताने कानामागचं पेन काढायचे, शर्टाच्या खिशातली छोटी वही उघडायचे आणि तिसऱ्या व चौथ्या माळ्याच्या मध्ये उभ्याउभ्या लिहू लागायचे. लिफ्टमध्ये तेव्हा स्ट्रेचर असो, मोठे डॉक्टर असोत की डबे घेऊन आलेले नातेवाईक, ते बोट वर गेलं की सगळे आपोआप गप्प व्हायचे. चौथा माळा येईपर्यंत वही पुन्हा खिशात.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी पाचव्या माळ्यावरच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि ते आमचे लिफ्टमन होते. लिफ्ट जुनी, प्रशस्त आणि अतिशय संथ. तुम्हीही अशा लिफ्टमध्ये कधीतरी उभे राहिला असाल. आत शिरताना माणूस फोनवर किंवा सोबत्याशी काहीतरी बोलत असतो आणि दार उघडलं की तसाच बोलत निघून जातो. आपल्या वाट्याला मधला तुकडा येतो. आपण तो विसरतो. त्यांना मात्र विसरता यायचं नाही.

"पहिल्या वर्षी लय त्रास झाला, मॅडम," त्यांनी मला एकदा सांगितलं. "एक बाई म्हणे, 'डॉक्टर म्हणते आता फक्त...' अन् उतरून गेली. फक्त काय? फक्त दोन दिवस? फक्त पेज द्यायची? मी घरी गेलो, ताटावर बसलो, अन् घास जाईना. असं आठ दिवस चाललं. मंग बायकोनं पोरीची जुनी वही आणून आपटली समोर. म्हणे, उरलेलं तुमचं तुम्ही लिहून टाका अन् जेवाले बसा!"

त्यांनी लिहिलं, "फक्त महिनाभर जिने चढायचे नाही." आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून रोज तेच. दिवसभरातली सात-आठ अर्धी वाक्यं टिपायची आणि घरी जाऊन हातपाय धुऊन, जेवणाआधी ती पुरी करायची. ते झाडीपट्टीतले, गावोगावी नाटकं होणाऱ्या साकोलीकडचे. गावातल्या नाटकांत तरुणपणी कामं केलेले. त्यामुळे प्रत्येक वाक्य संवादासारखं, कोण बोलतंय ते डावीकडे लिहून. माणसांची नावं माहीत नसत, म्हणून 'दुसरा माळा', 'चौथा माळा' अशी पात्रं.

"सगळ्यांचं चांगलंच करता का तुम्ही?" मी विचारलं होतं.

"नाही, बाप्पा. जाणाऱ्याले मी अडवत नाही. फक्त जेवू घालून पाठवतो."

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. माझं स्वतःचं वाक्य त्यांच्या वहीत जाईपर्यंत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईची तपासणी आमच्याच लॅबमध्ये झाली होती आणि तिची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली मीच पहिल्यांदा पाहिली. नंतर मोठ्या डॉक्टरांनी पाहिली. दोघांना दिसलं ते एकच. त्या दिवशी लिफ्टमध्ये मी पुण्याच्या भावाशी फोनवर बोलत होते, "आईला काही सांगू नकोस. रिपोर्ट मी स्वतः पाहिला, तो..." पाचवा माळा आला आणि मी उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर वहीचं पान धरलं. गोल, मोत्यासारखं अक्षर. "पाचवा माळा: तो पाहून मी खुर्चीतच बसून राहिली. आता उठते. आई घरी भाकर टाकून राहिली असन. तिच्याजवळ जाऊन बसते."

मी खरंच अर्धा तास खुर्चीत बसून राहिले होते. ते त्यांना कसं कळलं, कोण जाणे. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे लिहायला? माझी आई तुमच्या नाटकातलं पात्र नाहीये!"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ते पान वहीतून फाडलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "चुकलो, बाई."

तीन दिवस मी जिन्याने चढले. चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागले, तेव्हा लिफ्टमध्ये शिरले. त्यांनी बोट वर केलं नाही. पाचव्या माळ्यावर दार उघडल्यावर आपल्या स्टुलाकडे मान केली. तिथे एक कोरी वही होती.

"ही तुमची. वाक्य तुमचं, तं उरलेलं लिहाचा हक्कही तुमचाच. मी पाहणार नाही."

घ्यायची नव्हती मला. घेतली.

रक्ताचे नमुने यंत्रात फिरवायला ठेवले की आम्हाला दहा मिनिटं मोकळी मिळतात. इतके दिवस मी त्यात मोबाइल पाहायचे. आता वही उघडली. पहिल्या दिवशी पाच ओळी, सगळ्या डॉक्टरी. पेशींचे आकडे, उपचारांची नावं. दुसऱ्या दिवशी "आई" लिहून खोडलं. तिसऱ्या दिवशी आईवर रागावून लिहिलं, की छातीत गाठ लागत होती तर सहा महिने गप्प का बसलीस? चौथ्या दिवशी यंत्र थांबलं तरी माझा हात थांबेना! शेजारचा सहकारी म्हणाला, "काय लिहून राहिली गं एवढं? राजीनामा?" मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. त्या दिवशी सक्करदऱ्याला घरी जाताना मी तलावापाशी गाडी थांबवून आणखी एक पान लिहिलं.

नवव्या दिवशी ते वाक्य आलं. रिपोर्टबद्दल नव्हतंच ते. मी तशीच घरी गेले. आई अंगणात तुरीच्या शेंगांचे सोले काढत बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, भीती तुला वाटते, की मलाच वाटते?"

तिने सोललेले दाणे वाटीत टाकले.

"तुलेच वाटते वं. मले पहिल्याच दिवशी समजलं. तू घरी आली, अन् मीठ कमी आहे म्हटल्याशिवाय जेवली. असं कधी झालं का?"

मग आम्ही दोघी रडलो, आणि रडतारडता तिने मला सगळ्या शेंगा सोलायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी अक्षरशः धावत लिफ्टमध्ये शिरले. "सांगितलं!" त्यांनी दोन्ही मुठी वर केल्या. "कोणत्या वाक्यानं?" मी वाक्य सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा! हे मले काहून नाही सुचलं?"

त्यानंतर त्यांनी आपली रीत बदलली. दुसऱ्याचं वाक्य विचारल्याशिवाय घेईनात. लिफ्टमध्ये एका खिळ्याला कोऱ्या कागदांचा गठ्ठा अडकवला आणि अडलेलं माणूस दिसलं की एक कागद फाडून द्यायचे. "दादा, उरलेलं लिहता का?" काही लोक वेड्यासारखे पाहायचे. पण किती जण लिहायचे, हे मी पाहिलंय. जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यामागच्या स्ट्रेचरच्या उतारावर या कागदांचं वाचन सुरू झालं. आधी आम्ही सहा जण होतो. महिनाभरात सिस्टर, सफाईच्या मावशी, कँटीनवाला, पेशंटचे नातेवाईक मिळून बसायला जागा पुरेना! मी डबा झाकूनच खाली पळायचे. जेवणाच्या सुट्टीची अशी वाट मी शाळेतही पाहिली नव्हती.

उमरेडकडचा एक ट्रक ड्रायव्हर होता. बायकोच्या ऑपरेशनसाठी आलेला आणि दोन दिवस कोणाशी अक्षर न बोललेला. तो कागद घेऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला, "तिले सांगा, म्हैस मी दोहून आलो. लाथ मारली." मग थांबून म्हणाला, "म्हशीनं." अख्खा उतार हसला. तोही हसला, आणि हसता हसता खाली बसून डोळे पुसू लागला. आमच्या लिफ्टमनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता हेच वर जाऊन तिले वाचून दाखव गा. जसंच्या तसं. थांबायचं तिथं थांब." तो गेला, आणि थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून एका बाईच्या हसण्याचा आणि "टाके दुखते नं!" असं ओरडण्याचा आवाज आला.

आईचे उपचार पुढचं वर्षभर चालले. केस गेले आणि परत आले ते कुरळे. त्याच सुमारास दवाखान्यात नवी लिफ्ट बसली. चकचकीत, वेगवान, आपली आपण चालणारी. लिफ्टमनची गरज उरली नाही. आम्ही सगळे चिडलो. ते नाही. "बरं झालं. चाळीस वह्या साचल्या. त्यायचं नाटक करायचं राहून राहिलं होतं," म्हणाले, आणि बायकोला घेऊन गावी निघून गेले. नव्या लिफ्टमध्ये मी पहिल्यांदा चढले, तेव्हा पाच माळे चढायला एक श्वासही पुरला. सोबतचे दोघं आपापल्या मोबाइलमध्ये होते. एवढं सुनं वाटलं, की मी पुन्हा जिना धरला.

मागच्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "तीन अंकी झालं! गावचे लोक करून राहिले. तालमीले या, अन् आईलेही आणा."

आम्ही दुपारी पोचलो. धान कापून झालं होतं, शाळेच्या पटांगणात फळ्यांचा मंच होता, आणि ते नाटकातल्या डॉक्टरवर ओरडत होते. "एवढ्या मोठ्यानं नाही, गा! डॉक्टर कधी असा बोलते का? बातमी जेवढी मोठी, तेवढा आवाज लहान!"

पेशंटचं काम करणारी बाई आली नव्हती. त्यांची नजर आईवर पडली. मी नको म्हणणार तोच आई चपला काढून मंचावर चढली आणि खाटेवर आडवी झाली. त्यांनी मागे सरून, डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी लयच ठणठणीत दिसून राहिल्या! थोडं तरी बिमार दिसा नं!"

आई उताणी पडून हसत सुटली. डॉक्टर हसला, सिस्टर झालेली पोरगी हसली. ते मात्र गंभीर. "हसू नका. पुन्हा. पहिल्यापासून." आई कण्हली, आणि पुन्हा फसकन हसली. असं चार वेळा झालं.

शेवटच्या बसची वेळ झाली. मी आईला कशीबशी खाली उतरवलं. बस पटांगणासमोरून निघाली तेव्हा मी खिडकीतून हात हलवला. त्यांनी पाहिलंच नाही. रिकाम्या खाटेवर आता ते स्वतःच झोपले होते, आणि कण्हायचं कसं ते गावाला शिकवत होते.