एन दाबलं, वाय उमटलं

भूत, करणी, अंगात येणं – असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून जातो. आर्मीत सिग्नल्समध्ये हवालदार म्हणून टेलिप्रिंटरवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी. तारेत जे घालाल तेच पलीकडं निघतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आता तेही धड ठाऊक नाही... म्हणून हे लिहितोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि टायपिंग येतं म्हणून मला ऑपरेटर केलं. स्क्रीन वगैरे काही नव्हता. टेलिप्रिंटरवर हुकूम टाइप करायचा, उत्तर कागदावर उमटायचं. सभासदांच्या उसाच्या नोंदी डिस्क पॅकवर – म्हणजे परातीएवढ्या तबकड्यांचा डबा.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. आमचा शिपाई बापू भाविक माणूस. त्यानं पॅकचं झाकण काढून तबकड्यांनाच हळदकुंकू वाहिलं... आणि एकाला वाहून दुसऱ्याला कसं सोडायचं, म्हणून कॉपी ठेवलेल्या पॅकलाही! दसऱ्यानंतर मशीन चालू केलं तर खर्रर्र आवाज आणि सगळं ठप्प.

साहेब कडाडले, "नोंदी परत आल्या नाहीत तर बापू घरी." बापूच्या एकट्याच्या पगारावर त्याचं घर चालायचं.

पुण्याहून इंजिनिअर आला. त्यानं एक पॅक पुसूनबिसून कसाबसा फिरता केला आणि मला तपासणीचा प्रोग्राम चालवायला बसवलं. हा प्रोग्राम डिस्क चाळतो, तुटका तुकडा सापडला की विचारतो – ठेवू का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको. "नाव नाही आणि लांबी शून्य, तो कचरा. सरळ एन," असं सांगून तो जेवायला गेला.

भर दुपार. खोलीत मी एकटा, बापू दाराबाहेर डोकं धरून बसलेला. तुकडे येत होते, मी उत्तरं देत होतो, पण नोंदींची फाइल काही येईना. शेवटी एक तुकडा आला. नाव नाही, लांबी शून्य. मी एन दाबलं.

कागदावर वाय उमटलं.

पुसायचं बटण दाबून परत एन. परत वाय! मी चिडलो. बोटाकडं बघत, मुद्दाम जोरात एन दाबलं – वाय. आणि उत्तर पक्कं करायच्या रिटर्न बटणाला हात लावायच्या आत मशीन आपलं आपण पुढं गेलं. तो कचरा नव्हता... त्यातच सगळ्या नोंदी निघाल्या.

इंजिनिअरनं कीबोर्ड खोलला. दोष नाही. एन दाबलं की एनच. "तुम्हीच वाय दाबलं असेल," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. ही दोन बटणं शेजारीसुद्धा नाहीत हो!

बापूनं माझे हात धरले. "हवालदार, लय उपकार झालं तुमचं."

"आवं, म्या काय न्हाई केलं. म्या तर नको म्हनलं हुतं."

"मंग हो कुनी म्हनलं?"

पूजेचा प्रताप म्हणावा, तर पूजेनंच तर सगळं बिघडवलं होतं!

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरच्या खोलीत पूजा बंद, असा साहेबांचा हुकूम निघाला. खंडेनवमीला बापू ताट घेऊन दाराशी आला आणि तसाच माघारी वळला. आणि मी... कधी पूजेला न बसलेला मी म्हणालो, "बापू, आत नगं. उंबऱ्यावरच वाहा. पन वाहा."

असं का म्हणालो, ते मला अजून सांगता येत नाही.