फेस न आलेली बरणी

आमचे वडील कॅम्पातल्या मेसमधून खानसामा म्हणून निवृत्त झाले, ते पेन्शनीबरोबर एक विद्या घेऊन आले: बियर करण्याची. भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत जव भिजत, मोड काढत, वाळत. कडूपणासाठी काडेचिराईत पडे. कायद्याने हा गुन्हा होता. पण दाद देणारा मोठा साहेब असल्यामुळे वडील त्याला कला समजत.

सगळी मदार बरणीच्या तळाशी बसणाऱ्या गाळावर. आई त्याला विरजण म्हणे. बियर ओतून घेतली की वडील तो गाळ पाण्यात खळबळवत, जड कचरा खाली बसू देत आणि वरचं दुधाळ पाणी बाटलीत भरून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरत. पुढची बियर त्याच्यावरच.

दुष्काळात धाकटा भाऊ मॅट्रिक होऊन सरकारी कामावर खडी फोडत होता. साहेबांची बदली ठरली. निरोपाच्या मेजवानीला तुमची बियर येऊ द्या, जाण्याआधी पोराला लष्कराच्या डेपोत नोकरीला चिकटवतो, असं ते वडिलांना म्हणाले. तेव्हापासून बरणीला घरात देवापेक्षा जास्त मान मिळू लागला.

साहेबांसाठी म्हणून वडिलांनी विरजण पुन्हा पुन्हा धुतलं. एरवी ते पाणी उकळून गार करून घेत. या वेळी जव उकळण्यातच घरातलं रॉकेल संपलं होतं, आणि टँकरच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा भपकारा येत होता. सरकारने औषध घातलेलं पाणी आणखी काय उकळायचं, असं ते म्हणाले. औषधाने भेदभाव केला नाही. पटकीच्या जंतूंबरोबर विरजणही मेलं.

बरणीत ते घालून दुसरा दिवस उजाडला तरी फेस आला नाही. वडील बरणीला कान लावून बसले, जेवायलाही उठेनात. पुन्हा करायला जव उरले नव्हते. मग त्यांना आठवलं, दिवाळीला साहेबांकडे बाटल्या पाठवल्या होत्या. एखाद्या रिकाम्या बाटलीच्या बुडाशी गाळ असेल. मी त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन बंगल्यावर गेलो.

अर्दलीने आम्हाला मागच्या अडगळीच्या खोलीत नेलं. तिथे आमच्या सगळ्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या. दिवाळीच्या, त्याआधीच्याही. एकीचंही बूच निघालेलं नव्हतं.

"सायेब ही पीत न्हाईत, मामा," अर्दली हळू आवाजात म्हणाला. "तुमचं मन राखत्यात."

वडिलांनी पोराच्या नोकरीचं विचारलं.

"तसं त्यांनी लई जनांना सांगितलंय."

वडिलांनी एका बाटलीवरची धूळ सदऱ्याने पुसली आणि ती काखेत धरली. घरी येऊन त्यांनी तिच्या तळाचा गाळ बरणीत ओतला.

सकाळी फेसाने बरणीवरचं फडकं वर उचललं होतं. आईने ते पाहिलं.

"आता कुनासाठी?" ती म्हणाली.

भाऊ भाकरी बांधून खडीवर निघाला होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पुन्हा बरणीला कान लावून बसले. आत छान बुडबुडत होतं.