शिव्यांमधला पत्ता

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पेरुंगुडीच्या सिग्नलजवळ एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथे विटा वाहणाऱ्या बाईचं दोन वर्षांचं मूल झोळीतून नाहीसं झालं. मी त्या ठाण्याचा निरीक्षक. गुन्हा नोंदवला, सगळीकडे वर्दी दिली, कॅमेऱ्यांचं चित्रण मागवलं. त्यात फक्त एका माणसाची पाठ दिसत होती. संशयावरून एका रिक्षावाल्याची कसून चौकशी केली; तो निर्दोष निघाला.

तेवढ्यात चहावाल्याने खबर दिली की सिग्नलवर पेनं विकणाऱ्या मुलीने त्या माणसाला पाहिलंय. मी हवालदाराला पाठवलं. तो पाच मिनिटांत परत आला. म्हणाला, पोरीच्या तोंडात शिव्यांशिवाय काही नाही, जबाबात लिहिण्यासारखं तर नाहीच.

मग मी साध्या कपड्यांत स्वतः गेलो, हवालदाराला बरोबर घेऊन. दहा-अकरा वर्षांची पोर फुटपाथवर बसली होती. मला पाहताच ‘तोप्पै’ म्हणाली, म्हणजे तमिळमध्ये ढेरपोट्या. हवालदाराने हात उगारला, तसं त्याला मी लांब उभं केलं. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमची बोली ऐकून पुण्याचे पाहुणे हसायचे, आणि माझी आई मग त्यांच्यासमोर तोंडच उघडायची नाही. ऐकणाऱ्याने तोंड वाकडं केलं की बोलणारा मिटतो, हे मी घरीच पाहिलं होतं.

मी तिच्या शेजारी बसलो. ती बोलत गेली, वाक्यागणिक शिवी. मी शब्दन् शब्द लिहून घेतला. त्या माणसाला ती ‘कोणवाय कप्पु’ म्हणत होती. हवालदाराने हे शिवी समजून सोडून दिलं होतं. पण कोणवाय म्हणजे वाकड्या तोंडाचा आणि कप्पु म्हणजे दुर्गंधी. मला ढेरपोट्या म्हणाली, तेही खोटं नव्हतं. ती जे पाही, त्यावरूनच माणसाला नाव ठेवी.

“कसला वास?” मी विचारलं.

“करुवाडाचा,” ती म्हणाली. करुवाड म्हणजे सुकी मासळी. “कोवलमच्या बसमध्ये चढला. पोराच्या पायातलं पैंजण वाजत होतं, म्हणून तोडून गटारात टाकलं त्या कुत्र्याने.”

गटार उपसलं. पैंजण सापडलं. आईने ते ओळखलं.

कोवलमच्या समुद्रकिनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांना आम्ही वाकड्या तोंडाच्या माणसाबद्दल विचारलं. मासळीच्या गोदामामागे नुकतीच भाड्याने खोली घेतलेला एक परका माणूस त्यांनी लगेच दाखवला. मूल आत झोपलेलं होतं. तो म्हणाला, भाचा आहे. मी पैंजण त्याच्यापुढे ठेवलं. त्याने सगळं कबूल केलं. मूल विकायचा त्याचा बेत होता. दिवेलागणीच्या आत मूल आईच्या कडेवर होतं.

खटल्यात आरोपीचे वकील म्हणाले, जिच्या जिभेला हाड नाही तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? न्यायाधीशांनी तिचा जबाब शिव्यांसकट वाचला आणि तिला आरोपी दाखवायला सांगितलं. तिने न चाचरता बोट दाखवलं. साक्ष ग्राह्य ठरली, शिक्षा झाली. कोर्टातून बाहेर पडताना ती ताठ मानेने चालत होती आणि तोच हवालदार तिच्यासाठी दार धरून उभा होता.

पुढे नव्या उपनिरीक्षकांना मी एकच सांगत आलो. रस्त्यावरच्या पोराची भाषा सुधारायला पुष्कळ लोक आहेत. आपण आधी ती पुरती ऐकावी, कारण त्याच्याकडे सत्य सांगायला तेवढेच शब्द असतात.